बेघर तरुणांना आरोग्य, सुरक्षितता आणि हक्क शिकवायचे तर सुरुवात कुठून करावी?

तुमच्या गटाने रस्त्यावर, निवाऱ्यात किंवा आज याच्याकडे उद्या त्याच्याकडे अशा आधाराने राहणाऱ्या १४ ते २४ वयाच्या मुलामुलींसाठी सहा सत्रं आखली: हक्क, वैयक्तिक स्वच्छता, समतोल आहार, व्यसनांचे दुष्परिणाम, लैंगिक आरोग्य आणि शेवटी करिअर मार्गदर्शन. पहिल्या सत्राला बरीच मुलं आली, तिसऱ्यापर्यंत जवळजवळ कुणी उरलं नाही. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: या मुलांना शिकायचंच नसतं का, अभ्यासक्रमात काय बदलायचं, आणि कुणी अत्याचाराबद्दल सांगितलं तर काय करायचं. मी बरीच वर्षं या वयाच्या बेघर मुलांबरोबर आरोग्याचं काम करते आहे, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. त्यांना शिकायचं असतं. कुठला पहारेकरी कितीला बदलतो, कुठल्या दवाखान्यात कागद न मागता तपासतात, कुणाच्या गाडीत चुकूनही बसायचं नाही, हे सगळं ती एकमेकांकडून शिकतात आणि पक्कं लक्षात ठेवतात, कारण ते त्याच दिवशी उपयोगी पडतं. तुमच्या अभ्यासक्रमातल्या बहुतेक सूचना मात्र घर असलेल्या माणसासाठी आहेत. रोज आंघोळ करा, ताज्या भाज्या खा, रात्री आठ तास झोपा. आंघोळीला पाणी नाही, जेवण जे मिळेल ते, आणि रात्री डोळा लागला तर पिशवी जाते, अशा मुलाला हे ऐकून एवढंच कळतं की बोलणाऱ्याला आपलं जगणं माहीत नाही. मग पुढे तुम्ही सांगितलेली खरी, जीव वाचवणारी माहितीही तो मनावर घेत नाही.

म्हणून दुसऱ्या प्रश्नासाठी मी एकच कसोटी सुचवते. प्रत्येक वाक्य बोलण्याआधी स्वतःला विचारा: हे या मुलीला आज रात्री, जवळ आहे तेवढ्यावर, करता येईल का? येत नसेल तर ते वाक्य गाळा, किंवा ते करता येईल अशी सोय आधी उभी करा. आहाराचं आणि करिअरचं सत्र मी तूर्त सरळ काढून टाकेन. बाकीच्यांचा क्रम बदलेन.

झोपेपासून सुरुवात करा

हा विषय तुमच्या यादीत नाही आणि माझ्या मते तोच पहिला हवा. रस्त्यावरची बरीच मुलं रात्री झोपत नाहीत. चोरी होते, मारहाण होते, अंगावर हात टाकला जातो, मध्यरात्री उठवून हाकललं जातं. म्हणून ती रात्रभर चालत राहतात, जागं राहायला काहीबाही घेतात आणि उजाडल्यावर, माणसांची वर्दळ सुरू झाली की, कुठेतरी आडवी होतात. तुमची सत्रं सकाळी दहाला होती असं तुम्ही लिहिलंय. ती नेमकी त्यांची झोपायची वेळ. आठवडेच्या आठवडे अपुरी झोप झाली की माणूस चिडचिडा होतो, सांगितलेलं विसरतो, वेळा पाळू शकत नाही. बाहेरच्यांना हाच आळस आणि उद्धटपणा वाटतो. वेळ त्यांना विचारून ठरवा, बहुधा ती दुपारनंतरची निघेल. आणि एका वेळी वीस मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका.

झोपेवर बोलायला लागलात की सुरक्षिततेचा विषय आपसूक निघतो. कुठे झोपता? कुणाबरोबर? तिथून बाहेर पडायला दोन वाटा आहेत का? दोघांनी आळीपाळीने जागं राहायचं ठरवलंय का? हे प्रश्न तपासनिसाच्या सुरात विचारायचे नाहीत. जागांची नावं तर विचारूच नका. ती कुणी तिसऱ्याने ऐकली तर त्यांची झोपायची जागा जाईल. एकट्याने अगदी आडोशाला झोपणं सुरक्षित, की उजेडात, लोकांच्या नजरेत झोपणं, यावर मुलं आपापसांत चांगली वाद घालतात. मुलींची उत्तरं मुलांपेक्षा वेगळी असतात. त्यांना वेगळं बसून बोलता येईल अशी व्यवस्था असू द्या. त्या वादातून समोर बसलेली मुलं जे शिकतात ते तुमच्या कुठल्याही तक्त्यातून शिकणार नाहीत.

इथूनच पायांकडे या. पाय हा या मुलांचा सगळ्यात दुर्लक्षित अवयव आहे आणि त्यांचं सगळं जगणं पायांवर चालतं. एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता तो हाताला लागलं म्हणून. बूट काढायला सांगितले तर तयार होईना. शेवटी काढले. पायमोजा तळव्याला चिकटलेला, कातडी पांढरीफट, सुरकुतलेली, बोटांच्या बेचक्यांत भेगा. दुखतं का विचारलं तर म्हणाला, नाही, काहीच लागत नाही. काळजीची गोष्ट तीच होती. सतत ओल्या आणि गार राहिलेल्या पायाची संवेदना जाते, मग जखम झाली तरी कळत नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांत उभ्या असलेल्या हजारो सैनिकांना याच दुखण्याने, ट्रेंच फूटने, जायबंदी केलं होतं. त्याला बर्फ लागत नाही. नुसती ओल, गारवा आणि न काढलेले बूट पुरतात. त्या मुलाने बूट चोरीला जातील म्हणून कित्येक रात्री काढलेच नव्हते. बूट काढून झोप, असं सांगून उपयोग नव्हता. आम्ही दोघांनी मिळून मार्ग काढला: नाड्या एकत्र बांधून बूट डोक्याखालच्या पिशवीत, पिशवीचा पट्टा मनगटाला. पाय पुसून उघडे ठेवायचे. ओले मोजे पिळून शर्टाच्या आत पोटाला लावायचे, अंगाच्या उबेने ते सकाळपर्यंत वाळतात. बधिर पाय शेकोटीजवळ न्यायचा नाही, भाजलं तरी कळणार नाही, आणि चोळायचाही नाही. मोज्यांचे दोन जोड आम्ही दिले. एवढंच. पुढच्या वेळी तो दोन मित्रांना पाय दाखवायला घेऊन आला.

आरोग्यशिक्षण म्हणून मला हेच अभिप्रेत आहे. पायांची तपासणी आणि मोजे यांच्याइतकं विश्वास मिळवून देणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

थंडीबद्दल तीन गोष्टी आवर्जून सांगा. अंगाखालची जमीन वरच्या हवेपेक्षा जास्त ऊब ओढून घेते, म्हणून एकच पुठ्ठा असेल तर तो अंगाखाली घालायचा. दारूने गरम वाटतं पण कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावून शरीराची उष्णता बाहेर जाते. आणि कुडकुडणारा मित्र कुडकुडायचा थांबला, बरळू लागला, अडखळू लागला तर तो बरा होत नसून त्याचं शरीर हरत चाललंय. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हा जिवावरचा प्रसंग असतो. बंद गाडीत, बंद खोलीत, पाइपात किंवा ताडपत्रीखाली कोळसा पेटवू नका हेही याच वेळी सांगून टाका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. कडक उन्हाळ्यात लक्षणांची भाषा तीच: माणूस गोंधळला, बरळू लागला, अंग तापलेलं आहे, की सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि मदत बोलवा.

ज्या गोष्टी घड्याळाशी बांधलेल्या आहेत

आरोग्याची सगळी माहिती सारख्या वजनाची नसते. काही गोष्टी आज कळल्या काय नि महिन्याने कळल्या काय, फरक पडत नाही. काही गोष्टी वेळेत कळल्या नाहीत तर दारच बंद होतं. त्या आधी शिकवा, वारंवार शिकवा, आणि आकड्यासकट शिकवा.

एचआयव्हीची लागण झाली असण्याची शक्यता असलेला संबंध, बलात्कार किंवा दुसऱ्याची सुई टोचणं यानंतर ७२ तासांच्या आत औषधं सुरू केली तर लागण टळू शकते. जितकी लवकर तितकी चांगली. कोर्स २८ दिवसांचा असतो. गर्भधारणा टाळण्याची तातडीची गोळी जितक्या लवकर घ्याल तितकी जास्त चालते. नेहमी मिळणारी तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यावी, काही पर्याय १२० तासांपर्यंत, म्हणजे पाच दिवसांपर्यंत, उपयोगी पडतात. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि लगेच लशीसाठी जायचं, कारण रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. उघड्यावर झोपणाऱ्याला कुत्रा चावण्याचा धोका घरातल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त. खोल किंवा घाण जखमेनंतर धनुर्वाताचं इंजेक्शन. आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर क्षयाची तपासणी, कारण गर्दीच्या निवाऱ्यात एकाचा खोकला सगळ्यांचा होतो.

हे आकडे पाठ करून घेणं सोपं आहे. अवघड काम तुमचं आहे. ७२ तास कळलेली मुलगी रात्री अकराला कुठे जाणार? तुम्ही स्वतः त्या दवाखान्यात जा. ओळखपत्र नसलेल्याला घेता का, पालक बरोबर नसतील तर काय, रात्री कुणाची ड्यूटी असते, औषध साठ्यात आहे का, हे समोर उभं राहून विचारा. नर्सशी ओळख करून घ्या. पहिल्या वेळी मुलीबरोबर जा. २८ दिवसांच्या गोळ्या ती कुठे ठेवणार? भिजतील, चोरीला जातील. त्या तुमच्याकडे ठेवून रोज एक देता येईल का? ही तयारी झाल्याशिवाय सत्र घेऊ नका. ज्याच्यापर्यंत पोचताच येत नाही अशा उपायाची माहिती देणं मला क्रूरपणाचं वाटतं.

खरजेचंही असंच आहे. नुसतं मलम दिलं की आठवड्यात पुन्हा खाज येते आणि मुलं म्हणतात, औषध चालत नाही. एकत्र झोपणाऱ्या सगळ्यांनी एकाच दिवशी, गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत मलम लावायला हवं, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्यांदाही. कपडे गरम पाण्यात धुवा हा सल्ला त्यांच्या कामाचा नाही. पण खरजेचा किडा माणसाच्या अंगापासून दूर दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. कपडे आणि पांघरूण प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवलं तरी काम होतं. तेवढे दिवस घालायला दुसरे कपडे आणि एक चादर तुम्ही द्यायची.

दातदुखीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. दाताचा डॉक्टर मिळत नाही म्हणून मुलं पॅरासिटामॉल मूठभर खातात. मोठ्या माणसाला २४ तासांत ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्यांपलीकडे जाता येत नाही. अंगाने बारीक असलेल्या, उपाशी किंवा दारू पिणाऱ्या मुलासाठी ती मर्यादा आणखी खाली येते. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही तेच औषध असतं. जास्त झालं तर पहिला दिवस माणूस ठणठणीत दिसतो आणि यकृत नंतर बिघडतं. त्यामुळे 'काही झालं नाही ना' यावर विसंबू नका, लगेच रुग्णालयात न्या.

नशेबद्दल बोलताना

तुमच्या सत्राचं नाव 'व्यसनांचे दुष्परिणाम' होतं. दुष्परिणाम त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहेत, त्यांनी मित्र गमावलेले असतात. भूक मारायला, थंडी विसरायला, जागं राहायला, कधी कालचं आठवू नये म्हणून ती नशा करतात. त्या कारणांकडे पाठ फिरवून 'नशा सोडा' म्हणणं म्हणजे संभाषण संपवणं. सोडायची इच्छा असलेल्याला उपचारापर्यंत जरूर न्या. पण आज न सोडणाऱ्याने आज मरू नये, ही माहिती आधी द्या.

थिनर, गोंद, व्हाइटनर हुंगणाऱ्यांबाबत एक गोष्ट पोलिसांपासून स्वयंसेवकांपर्यंत सगळ्यांना सांगायला हवी: त्यांच्या मागे धावू नका, त्यांना दचकवू नका. या वाफांमुळे हृदय अॅड्रिनॅलिनला, म्हणजे घाबरल्यावर शरीरात सुटणाऱ्या संप्रेरकाला, अतिसंवेदनशील होतं. अशा अवस्थेत घाबरून पळालेल्या मुलाच्या हृदयाची लय अचानक बिघडून तो जागीच मरू शकतो, अगदी पहिल्यांदाच हुंगलेलं असलं तरी. शांतपणे जवळ बसा, मोकळी हवा मिळू द्या, पेटती काडी दूर ठेवा. डोक्यावर पिशवी ओढून हुंगणं तर थेट गुदमरणं आहे, हे मुलांना स्पष्ट सांगा.

हेरॉईनसारखे अफूजन्य पदार्थ घेणाऱ्यांसाठी: एकट्याने घेऊ नका. तुरुंग, रुग्णालय किंवा सुधारगृहातून बाहेर आल्यावर पूर्वीचीच मात्रा जीव घेते, कारण मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते. मित्राचे ओठ निळसर झाले, श्वास मंदावला, घोरल्यासारखा आवाज येतोय आणि हलवून उठत नाही, तर मदत बोलवा, श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्या, आणि नॅलोक्सोन, म्हणजे अफूजन्य पदार्थांचा परिणाम तात्पुरता उलटवणारं औषध, मिळत असेल तर ते द्या. त्याचा परिणाम अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंतच टिकतो, नशेचा त्याहून जास्त टिकू शकतो, म्हणून जागा झाला तरी त्याला सोडून जायचं नाही. श्वास चालू असलेल्या बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवून, वरचा गुडघा दुमडून, मान किंचित मागे करून ठेवायचं, हे प्रत्येकाकडून प्रत्यक्ष करून घ्या. मुलं हे अतिशय मन लावून शिकतात. आजवर त्यांना फक्त वाचवलं जाण्याच्या जागी उभं केलेलं असतं. इथे ती वाचवणारी होतात.

शरीर, संमती आणि निवाऱ्याची किंमत

छपराच्या बदल्यात, जेवणाच्या बदल्यात, संरक्षणाच्या बदल्यात लैंगिक संबंध, हे मुलींच्या आणि मुलांच्याही वाट्याला येतं. मुलांच्या बाबतीत कुणी विचारतच नाही, म्हणून ती बोलत नाहीत. समलिंगी आणि ट्रान्स मुलांना घरातूनच हाकलून दिलेलं असतं. बऱ्याच देशांतल्या बेघर तरुणांत त्यांचं प्रमाण एकूण लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा जास्त आढळतं. या सगळ्यांशी बोलताना 'असं का केलंस' हा प्रश्न तोंडातून निघता कामा नये.

कायद्याच्या बाजूने एक गोष्ट त्यांना ठामपणे सांगा. मानवी व्यापाराविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या प्रोटोकॉलनुसार १८ वर्षांखालच्या कुणालाही शोषणासाठी नेलं, ठेवलं किंवा दुसऱ्याच्या हवाली केलं, तर त्याने होकार दिला होता का, जबरदस्ती झाली होती का, हा प्रश्नच उरत नाही. तो गुन्हा ठरतो आणि मूल गुन्हेगार नसतं. 'मीच तर गेले होते त्याच्याबरोबर' या वाक्याखाली मुली वर्षानुवर्षं दबून राहतात. हे त्यांना कुणीतरी समोर बसून सांगावं लागतं, एकदा नाही, अनेकदा.

कंडोम मागच्या खिशात किंवा उन्हात राहून खराब होतात, तेव्हा थोडे थोडे द्या आणि परत परत द्या. पाळीसाठी पॅड देताना रात्री उघडं असणारं शौचालय कुठे आहे तेही सांगा, नाहीतर पॅड बदलणार कुठे?

कुणी अत्याचाराबद्दल सांगितलं तर

याची तयारी सांगण्याआधी करायची असते. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला, सगळ्यांसमोर, साध्या शब्दांत सांगा की तुम्ही काय गुप्त ठेवाल आणि काय ठेवू शकणार नाही. अनेक देशांत १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्याकडचा नियम वकिलाकडून नीट समजून घ्या. मुलीने विश्वासाने सगळं सांगितल्यावर 'आता मला हे कळवावं लागेल' असं म्हणालात तर ती पुन्हा कधी कुणाशी बोलणार नाही. आधी माहीत असेल तर किती सांगायचं ते ती ठरवते. तो अधिकार तिचा आहे.

सांगितलंच, तर खोदून विचारू नका. तपशील काढणं तुमचं काम नाही, आणि तीच कहाणी चार जणांना सांगायला लावणं हा त्रास पुन्हा देणं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचाराच्या २०११ सालच्या मार्गदर्शिकेत क्रम दिला आहे तो पुरेसा आहे: पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. आत्ता ती सुरक्षित आहे का, जखम आहे का, ७२ तासांच्या आत आहे का, एवढं पाहा. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझा दोष नाही' हे म्हणा आणि मग गप्प बसा. कळवायचं असेल तर तिच्यासमोर फोन करा, तुम्ही काय बोलता आहात ते तिला ऐकू द्या, बरोबर कोण यावं हे तिला निवडू द्या. 'सगळं ठीक होईल' असं वचन देऊ नका. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आणि फोटो, व्हिडिओ काही नाही. तुमच्या गटाच्या पानावर चेहरा झाकून टाकलेला फोटोसुद्धा कपड्यांवरून ओळखला जातो.

हक्क

हे सत्र तुम्ही पहिलं ठेवलं होतं, मी ते इतकं मागे नेलं. पाय बरे झालेला, दवाखान्यात घेतला गेलेला मुलगा 'तुला हक्क आहे' हे वाक्य वेगळ्या कानाने ऐकतो.

पाया भक्कम आहे. बालहक्क करार संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारला, त्यात सामील झालेले १९६ पक्ष, म्हणजे जगातले जवळजवळ सगळे देश, त्याने बांधलेले आहेत. त्याच्या बाराव्या कलमात मुलाशी संबंधित निर्णयांत त्याचं म्हणणं ऐकून घेण्याचा हक्क आहे, सातव्यात जन्मनोंदणीचा, सोळाव्यात खासगीपणाचा, सदतिसाव्यात अटक हा शेवटचा उपाय, कमीत कमी काळासाठी, प्रौढांपासून वेगळं आणि वकिलाच्या मदतीसह. २०१७ साली या करारावर देखरेख ठेवणाऱ्या बालहक्क समितीने रस्त्यावरच्या मुलांसाठी स्वतंत्र असं एकविसावं सर्वसाधारण भाष्य, म्हणजे कराराचा अर्थ देशांना समजावणारा दस्तऐवज, काढलं. भीक मागणं, भटकणं, घरातून पळून जाणं यांना गुन्हा ठरवणारे कायदे काढून टाका, मुलांना पकडून गाड्यांत कोंबून 'सफाई' करू नका, सार्वजनिक जागेत एकत्र जमण्याचा हक्क त्यांनाही आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. ग्वाटेमाला शहरात १९९० साली पाच तरुणांना पोलिसांनी ठार मारलं, त्यांतले काही अल्पवयीन होते. त्या खटल्यात आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने (अमेरिका खंडांतल्या देशांसाठीचं न्यायालय) १९९९ साली दिलेला निकाल मी मुलांना नेहमी सांगते. जगण्याचा हक्क म्हणजे जीव न घेतला जाणं एवढंच नाही, सन्मानाने जगता येईल अशी परिस्थिती नाकारली न जाणंही त्यातच येतं, असं न्यायालय म्हणालं. रस्त्यावरच्या मुलांसाठी एवढ्या मोठ्या न्यायालयाने निकाल दिला, हे ऐकून मुलं ताठ बसतात.

कलमं मात्र पाठ करून घेऊ नका. त्यांची तोंडात बसतील अशी वाक्यं करा. 'माझं वय पंधरा आहे.' 'मला ताब्यात घेतलंय की मी जाऊ शकतो?' 'मला वाचून दाखवा, समजल्याशिवाय सही करणार नाही.' 'मला या नंबरवर फोन करायचा आहे.' मग नाटक करा. पोलिसाची भूमिका मुलांनाच द्या. ती इतकी हुबेहूब करतात की तुम्हाला त्यांच्या रात्री कळतील. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगा: रात्री दोन वाजता, एकट्याने, समोर चिडलेला माणूस असताना हक्क मोठ्याने सांगणं धोक्याचं ठरू शकतं. तेव्हा हात दिसतील असे ठेवायचे, वय आधी सांगायचं, पळायचं नाही, आणि वेळ, जागा, गाडीचा नंबर, बिल्ल्यावरचं नाव डोक्यात साठवायचं. तक्रार दुसऱ्या दिवशी, तुमच्याबरोबर. अन्याय रात्री गिळला म्हणजे हक्क सोडला असं होत नाही, हे त्यांना कळायला हवं.

कागदपत्रांवर एक अख्खी दुपार घालवा. जन्मतारीख, आईवडिलांची नावं, शेवटची शाळा आठवून लिहून काढा. जे कागद असतील त्यांचे फोटो काढून मुलाच्या स्वतःच्या ईमेलमध्ये ठेवा, पासवर्ड त्यालाच ठेवू द्या, आणि त्याची परवानगी असेल तरच एक प्रत तुमच्याकडे. कागद नाहीत म्हणून शाळा नाकारणारे बरेच भेटतील. अमेरिकेत १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्याखाली बेघर मुलाला कागद नसले तरी शाळेने लगेच दाखल करून घ्यावं लागतं, आणि नाइलाजाने दुसऱ्याच्या घरी दाटीवाटीने राहणाराही बेघर धरला जातो. आधी प्रवेश, मग कागद, हे करून दाखवता येतं, असं मुख्याध्यापकांशी बोलताना सांगता येईल.

तुमच्या गटातल्या सतरा वर्षांच्यांकडे आत्तापासून वेगळं लक्ष द्या. अठरावा वाढदिवस झाला की बालसंरक्षणाची बहुतेक दारं एका रात्रीत बंद होतात. संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांची तयारी आधीपासून करावी आणि नंतरही आधार द्यावा, असं संयुक्त राष्ट्रांच्या २००९ सालच्या पर्यायी संगोपनाच्या (आईवडिलांविना वाढणाऱ्या मुलांच्या काळजीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलंय. प्रत्यक्षात ते तुम्हालाच मागे लागून करून घ्यावं लागेल: राहायची जागा, प्रौढांच्या दवाखान्यात नोंद, आणि एक माणूस ज्याला फोन करता येईल.

हे सगळं तुम्ही एकट्याने शिकवू नका. पूर्वी रस्त्यावर राहिलेली, आता थोडी सावरलेली मुलंमुली घ्या, त्यांना शिकवा आणि त्या कामाचे रीतसर पैसे द्या. त्यांच्याकडून फुकट काम घेऊन हक्कांवर बोलता येत नाही.

शेवटी, सत्रांचं यश हजेरीने मोजू नका. ७२ तासांच्या आत किती जण दवाखान्यात पोचले, किती जणांना दारातून परत पाठवलं गेलं, कुणी मित्राला घेऊन आलं का, एवढं नावांशिवाय, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी ती वही घेऊन दवाखान्याच्या प्रमुखांना भेटा आणि ज्या रात्री मुलं परत पाठवली गेली त्या रात्रींबद्दल विचारा.